अक्कांच्या समाधीवरची हळद

४ फेब्रु., मंगळ.
बिशप हाउसचं पत्र आलं. सिस्टर अक्कांना संत ठरवायची चौकशी सुरू झालीय आणि साक्षीदारांत माझं नाव! बावीस वर्षं त्यांच्या दवाखान्यात नर्स होते, दुसऱ्या कुणाचं असणार म्हणा. गल्लीभर वाचून दाखवलं. आई म्हणाली, "रोमला आत्ता कळलं व्हय?"

७, शुक्र.
चौकशीचे फादर उमरग्याहून आले. अक्का प्रार्थनेत कशा हरवायच्या, विचारत होते. म्हटलं, प्रार्थनेत कसलं, जखम बांधताना! हातात पट्टी तशीच, डोळे उघडे, गालावर पाणी. मी हळूच पट्टी काढून घ्यायची अन् पेशंट उरकायची. एकदा विचारलं, "कुठं जाता हो अक्का?" तर म्हणाल्या, "मी कुठं जाते गं? तो येतो." फादरांनी हे दोनदा वाचून घेतलं. ऊर भरून आला.

जाताना अट सांगितली. रोमचा निर्णय होईपर्यंत कबरीची पूजा नको. मनातल्या मनात प्रार्थना चालेल, पण संत मानून उघड पूजा होत असेल तर फाइल अडते.

अन् इथं तर कबरीवर दर गुरुवारी दिवा, हळदकुंकू, नारळ, नवसाची ओटी. अन् दिवा सुरू केला आमच्या आईनंच, अक्का गेल्या त्याच आठवड्यात.

९, रवि.
सरपंचबाई म्हणे, "धुऊन टाकू की. फादरला काय कळतंय?" आम्ही दहा-बाराजणी घागरी घेऊन समाधीवर. तेल गेलं, कुंकू गेलं. हळद काही दगडातनं निघेना. मीही घासली. घासताना लाज वाटत होती, अक्का बघत असल्यासारखी.

१०, सोम.
शपथ झाली. प्रश्न आलाच: कबरीची पूजा होते का? नाही म्हटलं असतं तर भागलं असतं. पण अक्का मरायला टेकलेल्या पेशंटशीसुद्धा कधी खोटं बोलल्या नाहीत. सांगून टाकलं. होते. दिवा माझ्या आईचा. काल तुमच्यासाठी धुतलं, त्यात मीही होते.

साक्ष लिहून घेणाऱ्याचा पेन थांबला. फादर म्हणाले, "हे खरंच थांबलंय अशी खात्री पटेपर्यंत पुढं जाता येणार नाही." किती दिवस? "सांगता येत नाही."

घरी येऊन रडले. रस्त्यानं मात्र ताठ मानेनं आले. अक्कांच्या हाताखालची बाई आहे मी.

आईला सगळं सांगितलं. ती उठून दिव्याच्या तेलाची बाटली फडताळात ठेवून आली.

२०, गुरु.
समाधीवर दिवा नाही, हार नाही, नारळ नाही. तरी अर्धा गाव आलाच. कुणी सांगितलं नव्हतं. लांब, लिंबाखाली गप्प बसले सगळे. बघून मला आमच्या गावाचा इतका अभिमान वाटला की...

आई पुढंच होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलेली. म्हटलं, "अशी काय बसलीस गं?"

"सोडले की जुळत्यात आपोआप. अन् मग तुज्या अक्काची फाइल अडायची."