काईवाली

१५ जून
पुन्हा नाही लागला नंबर! दुसऱ्यांदा 'नीट'ची परीक्षा दिली, दुसऱ्यांदा आपटले. आणि खरं सांगू? रडू आलंच नाही. आई मात्र घरात कोणी गेल्यासारखी हळूहळू बोलते आहे. बाबा म्हणाले, "अजून एक साल. डॉक्टर तर तुले व्हायचंच हाय."

व्हायचंच — कोणी ठरवलं? अकरावीत बायोलॉजी घेतली, त्या दिवशी बाबांनी अख्ख्या रेल्वे कॉलनीत पेढे वाटले. तेव्हापासून मी डॉक्टर! शेजारचे प्रफुल्लकाका अजूनही रक्ताचे रिपोर्ट घेऊन येतात. "बेटा, जरा देख तो." मी काय बघू, कप्पाळ? बाबा मात्र दारात छाती फुगवून उभे.

१७ जून
सांगून टाकलं — नीट बास, मी बी.एस्सी. करणार, बॉटनी घेऊन. बाबा म्हणाले, "काहून? झाडाले पानी टाकाले?"

बायोलॉजी म्हणजे डॉक्टरकी, एवढंच यांना ठाऊक. अहो, आपल्या दोन खोल्यांतच निम्म्या शाखा नांदतात! पावावर बुरशी आली — कवकशास्त्र. साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या — कीटकशास्त्र. आईचं दही लागतं ते सूक्ष्मजीवशास्त्र. आणि बाबांचा हट्ट जसाच्या तसा माझ्यात कसा उतरला, ते आनुवंशिकीवाल्यांना विचारा.

मला शैवालशास्त्र हवंय. म्हणजे आपली काई, शेवाळ. शहरातल्या बूढ़ातालाब तलावाच्या पायऱ्यांवरची, जिच्यावरून घसरून लोक तिलाच शिव्या देतात. शाळेत एकदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती — काचेच्या नळीत हिरवी रिबीन गुंडाळून ठेवावी तशी! तेव्हापासून दुसरं काही मनात भरलंच नाही.

१८ जून
तलावातून काई आणून बरणीत ठेवली होती, आईने ती बरणी घासून त्यात लिंबाचं लोणचं घातलं!! "सडलं पानी होतं त्यात. फेकलं."

२० जून
कहर! रविवारी विहारात दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार आहे. 'होणारी डॉक्टर' मुलांना मार्गदर्शन करणार, असं बाबा परस्पर सांगून आले. मला विचारलंसुद्धा नाही.

ठीक. जाईन. बोलेनही. पण माझंच बोलेन.

२२ जून
बोलले!

वंदना झाली. कार्यक्रम चालवणाऱ्या शांताबाईंनी नाव पुकारलं — "आपली डॉक्टर स्नेहल." टाळ्या. मी जय भीम म्हटलं आणि लगेच म्हटलं, मी डॉक्टर नाही, होणारही नाही, मी काईचा अभ्यास करणार आहे. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. मग काय, मी सुटलेच. म्हटलं, जगात तयार होणारा जवळजवळ अर्धा प्राणवायू पाण्यातले असले हिरवे जीव बनवतात. तुम्ही हसलात ना, त्यातला अर्धा श्वास त्यांचाच!

पोरं हसली. या वेळी माझ्या बाजूने. बाबा मात्र चपला घालून निघून गेले होते.

घरी आल्यावर — "चार लोकांत नाक कापलं तू माझं."

"नाक तुमचं असेल बाबा. जिंदगी माझी आहे."

दोघंही जेवलो नाही. वाईट वाटतंय, खूप वाटतंय. त्यांना न सांगता चारचौघांत बोलले, ते लागलं असणार. पण त्यांनी तरी मला कुठे विचारलं होतं? शब्द मागे घेणार नाही.

२५ जून
बाबांचा अबोला. मीठ हवं तरी आईमार्फत — "तिले म्हण, मीठ दे." मी शेजारीच बसलेली!

आज कॉलेजात नाव लागलं. बी.एस्सी., बॉटनी. आईला मोठ्याने सांगितलं, म्हणजे पेपरामागे ऐकू जावं. पेपर हलला नाही.

२६ जून
अबोलाच. माझाही.

२८ जून
संध्याकाळी प्रफुल्लकाका आले, हातात रिपोर्ट. मी उठणार, तेवढ्यात दारातून बाबांचा आवाज — "इथं डॉक्टर नाही राहत, भैया. काईवाली हाय माही पोट्टी. तलावाचं काही विचारायचं असन, तर या."