कार्बुरेटरवरचे तीन ठिपके

धम्मरत्नचे बाबा,

भाकरी टोपल्यात झाकून ठेवली आहे. मेहकरच्या भंगारातून आणला म्हणता तो जुन्या फियाटचा कार्बुरेटर मी सकाळी रॉकेलनं घासला. काजळी निघाली अन् खाली तीन ठिपके दिसले. विकायच्या आधी हरेक पार्टवर हे ठिपके मीच ठोकते. हा तर आपण दिवाळीत साखरखेर्ड्याच्या जानरावभाऊले विकला होता. त्यांच्या चालत्या गाडीतला पार्ट भंगारात काऊन जाईन? तो पिशवीत घालून मी त्यांच्याकडेच जाऊन राह्यली. माह्या मनात काहीबाही येऊन राह्यलं. तुमच्या अवजारांच्या डब्यात कार्बुरेटर खोलायचा दहा नंबरचा पाना दिसत नाही. तो जानरावभाऊच्या बोनेटखाली सापडू नये, एवढंच.

सुवर्णा