कापराची डबी

घाटकोपर,
११ जानेवारी १९८७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे ठीक. गुडघ्याला तेल लावतोस ना? खोटं लिहू नकोस, मी मालनवहिनीला विचारून घेईन.

आता खरी बातमी. आमचा बंद पडलेला कॅमेरा परवा दुरुस्तीला नेला, तर आत रोल निघाला, न धुतलेला. आई पावणेदोन वर्षांपूर्वी मे महिन्यात माझ्याकडे होती ना, तेव्हाचा. दादा, त्यात आई आहे! रेशनकार्डावर तिचं नाव आहे, पण तिचा चेहरा घरातल्या एकाही कागदावर नाही. फाल्गुनात वर्षश्राद्ध. त्याआधी तिचा फोटो भिंतीवर लागलाच पाहिजे.

मेख अशी की रोलवर ‘चित्रदीप’ या दुकानाचं नाव आहे, आणि दुकान बंद होऊन वर्ष झालं, म्हणजे रोल कसला ते विचारायला कुणी नाही. नव्या लॅबवाल्याने काही न विचारता पावती फाडायला घेतली. हा रोल बनवला कुणी, असं मी विचारलं, तर त्याने दुकानाच्याच नावावर बोट ठेवलं. मी रोल उचलला आणि घरी आले.

खालच्या मजल्यावर श्यामकांत पाठारे राहतात, चाळीस वर्षं स्टुडिओत काम केलेले. ते म्हणाले, दुकानदार कधी रोल बनवत नाही. मोठ्या कारखान्याचा माल घेतो आणि वर आपलं लेबल, आपलं खोकं चढवतो. ‘चित्रदीप’कडे दोन देशांतला माल यायचा. एकाला कोमट रसायन लागतं, दुसऱ्याला चांगलं गरम. कोमटवाला रोल गरमात घातला तर वरचा थर सायीसारखा निघून येतो, आईसकट. उलट केलं तरी चित्र नीट धरत नाही. धुणं एकदाच, चूक झाली की संपलं.

दुकानदार लेबल आणि खोकं बदलतो, पण रोल ज्या डबीत येतो ती कारखान्याचीच राहते म्हणे. आणि आपल्या आईने आयुष्यात एक तरी डबी टाकली का? तेवढी शोधून पाठव.

तुझी,
नलू


कट्टा, मालवण,
२० जानेवारी १९८७

चि. सौ. नलू हिस अनेक आशीर्वाद.

तेल लावतो. तू लहानपणी हरवलेली बाहुली शोधायला गवताची अख्खी उडवी मोडली होतीस, त्याची आठवण झाली.

आईच्या फळीवर अकरा डब्या आहेत. हिंग, लवंग, सुया, एकीत माझे दुधाचे दात. तुझी कुठली ते देव जाणे. आणि एवढा खटाटोप कशाला? भाच्याच्या मुंजीचे फोटो त्याच दुकानाच्या रोलवर काढले होते आणि गरम मशीनमध्ये छान आले होते. हाही तिथेच दे.

शिवाय आईला फोटो नकोच असायचा. माजो फोटो कित्याक काढतंस, म्हणून तोंडावर पदर घ्यायची. कुडाळचा पेंटर माझ्या चेहऱ्यावरून तिचं चित्र करून देतो आहे. मिशी तेवढी काढून टाकायची, बाकी मी तिच्यासारखाच दिसतो, असं सगळा गाव म्हणतो.

तुझा,
दादा


घाटकोपर,
२७ जानेवारी १९८७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

मिशी पुसलेला दादा भिंतीवर टांगून त्याला हार घालायला मी येणार नाही, आत्ताच सांगते.

मुंजीच्या रोलची डबी प्लास्टिकची होती, अजून माझ्याकडे आहे. पण या रोलची कसली होती ते आठवत नाही, म्हणून तर हा दुसरा रोल डोळे झाकून गरम मशीनमध्ये देता येत नाही. माल मधेच बदलला असेल तर? मी हट्टी आहे म्हण, काहीही म्हण, पण अंदाजाने आईला रसायनात बुडवणार नाही.

मला एक आठवतंय. कॅमेऱ्यात रोल भरला त्या दिवशी मी स्टेशनजवळून भीमसेनी कापूर आणला होता आणि आईने तो त्याच डबीत भरून गावी नेला. फळीवर नको, देव्हाऱ्यात बघ.

लोभ आहेच, आता हातही हलव.
नलू


कट्टा, मालवण,
८ फेब्रुवारी १९८७

चि. सौ. नलू हिस अनेक आशीर्वाद.

पेंटरने चित्र आणून दिलं. त्यात मीच आहे, आई नाही. मग डोळे मिटून तिला आठवायला बसलो. हात आठवले, आवाज आठवला, चेहरा काही केल्या पूर्ण येईना. नलू, मला भीती वाटली गं. वर्षसुद्धा झालं नाही अजून.

डबी देव्हाऱ्यातच होती, समईमागे. ॲल्युमिनियमची, फिरकीच्या झाकणाची, बुडाला त्रिकोणी ठसा. शेजारचा लवू मुंबईला येतोय, त्याच्या हाती देतो. कापूर आईच्या हातचा आहे म्हणून तुझ्या वहिनीने रिकामी करू दिली नाही.

जपून कर. घाई नको.

दादा


घाटकोपर,
२२ फेब्रुवारी १९८७

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

लवू उतरला तो थेट माझ्याकडे आला. डबी उघडली आणि आपल्या देव्हाऱ्याचा वास घरभर झाला. मी खूप रडले, ते इथेच लिहून टाकते.

पाठाऱ्यांनी ठशावर बोट फिरवलं आणि उठून आपल्या ट्रंकेतून तशीच डबी काढली. पूर्व जर्मनीतला माल, म्हणजे कोमट रसायनाचा. मशीनमध्ये दिला असता तर आई गेली होती दादा, दुसऱ्यांदा. ते रसायन आता कुठल्याच लॅबमध्ये नाही. पाठाऱ्यांनी आठवडाभर सामान जमवलं, स्वतः मिसळलं आणि काल न्हाणीघराच्या फटी बुजवून रोल धुतला. मी दाराबाहेर पाटावर बसून होते. ह्यांनी दोनदा चहा आणून दिला, तो तसाच गार झाला.

रोल जुना झाला होता. बाकी सगळं धुरकट, एकच फोटो वाचला, पहिला. रंग नीट धरले नव्हते, म्हणून काळ्यापांढऱ्या कागदावर काढून घेतला. सोबत पाठवते.

पदर तोंडावर नाही बघ. आई हसते आहे आणि तळहात पसरून हात पुढे केला आहे. आधी मलाही कळेना, हिला हवंय तरी काय. मग आठवलं, रोल भरून मी पहिलं बटण दाबलं आणि रिकामी डबी माझ्या दुसऱ्या हातात होती.

भिंतीवर लाव. श्राद्धाला आलेले विचारतील, म्हातारी काय मागते आहे. सांग, डबी. आतला कापूर तसाच ठेवून ती लवूबरोबर परत पाठवते आहे, फोटोखाली ठेव.

तिची आणि तुझी,
नलू