पियानोची पट्टी

२ ऑक्टोबर
आलो एकदाचे! हॅम्बर्गपासून तासाभरावरची जुनी जमीनदारी हवेली. अठरा खोल्या, त्यातल्या नऊ गळक्या. मालकीणबाई फ्राऊ लिंडेनाऊ, वय शहाऐंशी, एकट्याच. त्यांची अट एकच: दर रविवारी दुपारी चारला घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसून हाउसमुझिक, म्हणजे घरगुती मैफल, करायची. अट कसली, पर्वणीच! फ्लॅटमध्ये रियाजाला बसले की शेजारी पोलिसांना बोलवायचे. सत्यजितला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण माझ्या गाण्यासाठी रोज दोन तास प्रवास करायला तयार झाला. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

५ ऑक्टोबर, रविवार
पियानो अर्धा सूर उतरलेला. बाई म्हणाल्या, या घरात सगळे त्याच्याशीच जुळवून घेतात. मी माझी काळी चारची पट्टी सोडली नाही. बेसूर झालं, वैताग आला. आमची सहा वर्षांची अवनी मात्र बाईंशेजारी बसून सफाईने वाजवत होती. ही कधी शिकली?

१२ ऑक्टोबर
ट्यूनरने दोनदा हात टेकले. तारा चढवल्या की तासाभरात खाली. आज सत्यजितने चेलो वाजवला. ज्याची टाळी कधी समेवर पडली नाही तो! विचारलं तर म्हणे, लहानपणी याच घरात शिकलो. नारायण पेठेत वाढलेला माणूस! मी भडकले, घर सोडू म्हटलं. तो आणि अवनी, दोघं माझ्याकडे परक्या बाईकडे बघावं तशी बघत राहिली.

१९ ऑक्टोबर
अवनी जर्मनमध्ये उत्तर देते, ते नेहमीचंच. पण आज तिला माझं मराठी कळलंच नाही. जेवायला ये म्हटलं, तर बाईंनी तिला जर्मनमध्ये समजावलं. बाईंना मराठी कुठून येतं? सत्यजितला हे सांगायला गेले. त्यालाही बाईंनीच जर्मनमध्ये समजावलं.

२६ ऑक्टोबर
रडले, भांडले, बॅगा भरल्या. दोघं हलेनात. त्यांना टाकून मी जाणार कुठे? शेवटी पट्टी खाली आणली. अर्धा सूर, पियानोइतकी. लगेच सत्यजित हसला. अवनी मांडीवर आली. तीन आठवड्यांनी. इतकं सोपं होतं —

२ नोव्हेंबर
पियानो आणखी उतरला, मीही. अवनीने हाक मारली. आई नाही. टांटे हेल्गा, म्हणजे हेल्गा मावशी. मी ओ दिली —

रविवार
वरची पानं वाचता येईनात. बाई वाचून दाखवतात, अस्सल पुणेरी मराठीत. त्यात कुणी एक लहान मुलगी आहे. ऐकताना रडू येतं, का ते — तिचं नाव विसरायच्या आत लिहून ठेवते. अ—