न तापवलेल्या पुंगळ्या

४ मे

डेवाल्टने यंत्र आणलं! काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या ज्योतीवर गोल फिरवायचं यंत्र. जावई आहे म्हणून तोंड आवरलं, नाहीतर—

म्हणे, "पा, गोळी सुटली की पितळ ताणतं, साच्यात घातलं की पुन्हा आवळतं. दरवेळी पुंगळीची मान कडक होत जाते. मग एक मान गोळीला घट्ट धरते, दुसरी सैल. लांबवर एक गोळी वर जाते, एक खाली. जरा ताव दिला की पितळ परत मऊ होतं."

मला शिकवतोय! हा रांगत होता तेव्हापासून मी स्वतःची काडतुसं स्वतः भरतोय. माझ्या चाळीस पुंगळ्या लग्नाच्या वर्षी घेतलेल्या. एकतीस वर्षं त्याच भरतोय, त्याच उडवतोय. एकीलाही कधी आग दाखवली नाही आणि एकही चिरली नाही. पितळाचे लाड करायचे, मग नेम धरायला वेळ कधी मिळणार?

१० मे, रविवार

चर्चमधून एल्मारीकडे जेवायला. पोरगी माझी, पण भोपळा तिच्या आईसारखा जमत नाही. जेवणानंतर अंगणात विस्तवाभोवती सगळे पुरुष बसलेले. डेवाल्टने पुन्हा यंत्राचं पुराण काढलं. शेजारी माना डोलावतायत. मेंढरं परवडली!

माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर म्हणालो, "या मोसमात माझ्या हातून एक जरी जनावर जखमी होऊन सुटलं, तर माझी रायफल तुझी. आणि पुंगळ्या मी तापवणार नाही म्हणजे नाही."

डेवाल्टने एल्मारीकडे पाहिलं. ती भांडी गोळा करायला लागली.  

घरी येऊन आडवा झालो, झोप नाही. एरवी रविवारी जेवून पडलो की चार वाजेपर्यंत शुद्ध नसायची. माझी बायको हॅनेली सप्टेंबरात गेली. ती दुपारी झोपायची नाही. शिवणही नाही — रविवारी सुई धरली तर देवाच्या डोळ्यात टोचते म्हणायची. एवढा वेळ काय करायची कोण जाणे. मी कधी विचारलं नाही.

१९ मे

एक पुंगळी मानेत चिरली. केसाएवढी चीर. जुनी झाली असेल. फेकली.

२३ मे

आणखी तीन!

काडतुसात भरायची हल्लीची दारूच वाईट. कारखान्यात बसलेल्या पोरांनी आयुष्यात हरीण पाहिलेलं नसतं. पुंगळ्या धुवायचं व्हिनेगरही पाणचट. हॅनेली असताना गोळ्या उडवून झाल्या की मी पुंगळ्या टोपलीत टाकायचो, आणि दोन आठवड्यांनी त्या धुतलेल्या, पुसलेल्या, सोन्यासारख्या परत यायच्या. आता मीच धुतो. ती गेल्यापासून करमत नाही, म्हणून तीनदा भरून निशाणावर उडवल्या. आधी पाच गोळ्यांची भोकं काडेपेटीएवढ्या जागेत बसायची. आज जेवणाच्या ताटाएवढा पसारा.

चष्मा बदलायला झालाय. डेवाल्टला बोलणार नाही. यंत्र घेऊन दारात उभा राहील.

२ जून

वीज गेली. घरात एक मेणबत्ती नाही! ती असताना डझनाने आणायचो आणि डझनाने संपायच्या. "खातेस की काय?" म्हणायचो. हसायची नुसती.

१३ जून

लिहायचं नव्हतं.

सकाळी टेकाडामागे कुडू दिसला. मोठं हरीण, नर, शिंगांना तीन वेढे. दोनशे पावलं. दगडावर कोट, कोटावर रायफल. घाई केली नाही. हात हलला नाही. गोळी खाली गेली — पोटात. कुडू वाकला आणि काट्यांत घुसला.

डेवाल्ट रक्ताच्या थेंबांमागे निघाला. मला म्हणाला, "पा, तुम्ही इथेच थांबा, तुमचा गुडघा." चार तास! मी दगडावर बसून त्या जनावराचा विचार करत होतो. मग लांबून एका गोळीचा आवाज आला. परतला तेव्हा त्याच्या पोटऱ्या फाटलेल्या होत्या.

"सापडला," म्हणाला. "वारा होता, पा."

वारा! गवताची काडी हलत नव्हती. दया दाखवतोय मला, भिकाऱ्याला द्यावी तशी. मी रायफल उचलून त्याच्या गाडीत ठेवली. संध्याकाळी पाहतो तर माझ्या भिंतीवर टांगलेली! नळी साफ करून, तेल लावून. याला धड जिंकताही येत नाही.

१७ जून

आणखी पाच चिरल्या. उरल्या एकतीस. हॅनेलीच्या हातच्या. म्हणजे तिने धुतलेल्या. निदान एवढ्या तरी टिकाव्यात.

२१ जून, रविवार

एल्मारी सुकवायचं मांस घेऊन आली. मी सहज विचारलं, तुझी आई पुंगळ्या कशात धुवायची गं? ती तिथेच खुर्चीत बसली.

"पा, मा नुसत्या धुवायची नाही. रविवारी तुम्ही झोपलात की मेणबत्तीवर धरायची. चिमटीत फिरवत. बोटांना चटका बसला की ओल्या फडक्यावर टाकायची. फडकं मी धरायचे. पुंगळ्या तापवणार नाही असं तुम्ही पूर्वीच चारचौघांत बोलून बसला होतात ना, तुमचं हसं होऊ नये म्हणून. डेवाल्टलाही तिने शपथ घातली होती."

रविवारी. जिला सुई चालत नव्हती.

तिच्या बोटांची टोकं नेहमी करपलेली असायची. मी म्हणायचो, स्वयंपाकात लक्ष नसतं तुझं.