रिक्षा दारात उभी असताना केलेले मृत्युपत्र

वाचणाऱ्यास, म्हणजे माझ्या मुलास: चष्मा कपाळावर ठेवून तू घरभर चष्मा शोधतोस, म्हणून हा कागद दोनदा वाच. पहिल्या खेपेला तुझ्या लक्षात घराचे कलम तेवढे राहील.

मी, खाली अंगठा उठवणारी, पूर्ण शुद्धीत हे सांगत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. असलाच तर घरावर माझा आहे. लिहून घेते आहे शिवणवर्गाची बाई. ती सारखी म्हणते, आजी, एका जागी बसा. बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवतो आहे, आत नात, तुझी लेक, पिशवी भरते आहे, बसू कशी? वय झाले, रस्ता खराब, म्हणून जाता जाता हे उरकते.

घर. उशांचे अभ्रे शिवून शिवून मी ते नव्याने बांधले. माझ्यामागे ते मुलाचे. परसातली जुनी खोली मात्र पाडावी. माझे पहिले बाळंतपण घरात अडले. सासूबाई म्हणत राहिल्या, पहिलटकरीण आहे, वेळ लागतोच. मूल गेलेलेच जन्मले आणि मला आत अशी जखम झाली की लघवी थांबेना, दिवसरात्र गळत राहिली. मग माझे अंथरूण त्या खोलीत गेले. कित्येक वर्षांनी एका नर्सने सांगितले की ही जखम शिवता येते. माझा जन्म शिवण्यात चाललेला, आणि एवढे मला कोणी सांगितले नव्हते. ऑपरेशन झाले, मी कोरडी झाले. त्याच दवाखान्यात पुढे, पोट उघडून, तू झालास.

जाऊबाई. त्या माझ्यापाशी आल्या की नाकाला पदर लावत. त्यांना माझी न फोडलेली वासाच्या साबणाची वडी. राग गेलेला नाही. साबण मात्र चांगला आहे.

शिलाई मशीन. ते शिवणवर्गाला. अट एवढीच की नव्या मुलींना सुईत दोरा ओवायला शिकवण्याआधी माझी गोष्ट सांगावी, माझे नाव घेऊन. अंग पुरते भरण्याआधी मूल नको, कळा लांबल्या तर वाट पाहायची नाही, आणि गळू लागलेच तर लपून न बसता दवाखाना गाठायचा. इथे बाईचा हात थांबला. म्हटले, लिही गं, लाज वाटायची ती माझी वाटून झाली.

बचत. ती वाटायला उरलेली नाही. तू दुकानाच्या शटरसाठी तिच्यावर डोळा ठेवून होतास, हे मला माहीत आहे. मोठ्या दवाखान्यासमोर एक खोली मिळते, तिचे भाडे मी भरले. परवा तू नातीसमोर म्हणालास, "पहिलटकरीण आहे, कळा सुरू झाल्यावर बघू." शब्दाला शब्द सासूबाईंचा, आणि तू तर त्यांना पाहिलेलेही नाहीस.  नंतर भांडी विसळताना पोर मला हळूच म्हणाली, "आजी, किती वेळ लागला म्हणजे फार?"

कॉलेजात गेलेली मुलगी, पण हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मी म्हटले, "ते घरात बसून ठरवायचं नसतं, बाळ. ठरवणारी माणसं हाकेच्या अंतरावर हवीत."

आपल्या दारातून हाक तिथवर पोचत नाही. रिक्षाही कळा सुरू झाल्यावर मिळेल याचा भरवसा नाही. म्हणून आम्ही दोघी आजच निघतो.

बाई सांगते, मृत्युपत्र मेल्यावर लागू होते. बाकीची कलमे खुशाल थांबू देत. बचतीचे कलम आजपासून लागू. बाळ माझ्या मरणाची वाट पाहत बसणार नाही.

डाव्या हाताचा अंगठा: उठवला.
साक्षीदार: रिक्षावाला (हॉर्न सोडून आत आला, सही करून पुन्हा घाई करू लागला).
साक्षीदार: शेजारीण (नाहीतरी दाराआडून सगळे ऐकतच होती).
ठिकाण: घराचा उंबरठा.
तारीख: नातीला नववा लागला तो दिवस.

ता. क. रोज संध्याकाळी त्या खोलीवर डबा हवा. मऊ भात, वर तूप, सोबत उकडलेली अंडी, तिखट नको. कोणाच्या हाती देऊ नकोस, तू स्वतः आण. आणि भात तिघांचा भर. कळा सुरू झाल्या तर उपाशीपोटी तुझ्याने धावपळ व्हायची नाही.