पाचवी जागा

सोमवार, ३ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

इकडे मी ठीक. गुडघा त्याच्या मर्जीनं दुखतो, त्याच्या मर्जीनं थांबतो. मी त्याच्या भानगडीत पडत नाही. खिडकीतल्या उन्हात खुर्ची ओढून हे लिहितो आहे. फोनवर मला हल्ली माणसांपेक्षा खरखरच जास्त ऐकू येते, तेव्हा पत्रावाचून गत्यंतर नाही.

तर बातमी कळली. तुझ्याकडून नव्हे, माझ्या लेकीकडून, ठकीकडूनही नव्हे. नात आठ वर्षांची, तिनं वहीचं पान फाडून लिहून पाठवली. आई-बाबा कॅम्पर गाडी घेणार, म्हणजे चाकांवरचं घर, आत गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी. आणि गाड्या पाहायला दर रविवारी काकाआजोबा बरोबर असतात. एवढ्यावर भागलं नाही. काकाआजोबांनी म्हणे बाहेरच्या खोलीतल्या फरशीवर खडूनं गाडी काढली, खऱ्या मापाची, आणि चौघांना दुपारभर त्या रेषांच्या आत राहायला लावलं. रेषेबाहेर पाय पडला तो बाद. वाचून मला फार कौतुक वाटलं. कौतुक म्हणजे तसं नव्हे. छत्तीस वर्षं खडू मी झिजवला आणि आता वर्ग तू घेतोस, याची जरा गंमत वाटली, इतकंच.

तू बस आगारात जन्म काढलास, इंजिनातलं तुला कळतं, हे मी कधी नाकारलं? पण ठकीला तंबूचं वेड कोणी लावलं, तेही लक्षात असू दे. सहा वर्षांची होती. तळ्यावरच्या माळावर मी तिला तंबू उभारायला शिकवलं, तेही कवितेतून: आधी जमीन, मग आभाळ, वाऱ्याला पाठ, झऱ्याला गाल. ती ओळ म्हणत म्हणत पोर खुंट्या ठोकायची आणि तुझी वहिनी कमरेवर हात ठेवून हसत उभी असायची. त्या माळावरचं गवत मला अजून डोळे मिटले की दिसतं, कडेनं पिवळं पडत आलेलं. आणि नात आता मला काय लिहिते, तर टायर, ब्रेक, बॅटरी, गॅस. ही काय कविता झाली?

गुडघ्यापायी तीन वर्षं मी त्यांच्याबरोबर गेलेलो नाही. ठकी दर वेळी विचारते, मी म्हणतो तुम्ही जा, मी घरी मजेत आहे. तसा मी आहेच मजेत. तेव्हा भलता अर्थ काढू नकोस. सहज विचारतो, या गाड्यांतून माणसं किती बसतात?

सविस्तर लिही. तुझ्यावरचा लोभ अजून तरी जागच्या जागी आहे.

तुझा,
दादा


शनिवार, ८ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. टोमणे मोजले, पाच भरले. म्हणजे तब्येत उत्तम आहे असं धरून चालतो.

विचारलंत म्हणून सगळं लिहितो. तीन गाड्या पाहून झाल्या. पहिली म्हणजे महाल. आत न्हाणीघर, आरसा, छताला पंखा. विकणारा इतका गोड बोलत होता की मी आधी टायर पाहिले. जावईबापूंनी चष्म्याच्या दुकानातून येताना टेप आणली होती. त्यांनी गाडीची रुंदी मोजली, मग आपल्या गल्लीची आठवली, आणि टेप गुंडाळून खिशात टाकली. तो विषय तिथंच संपला.

दुसरी पूर्वी पार्सलं वाहायची. कुणा सुतारानं तिच्या पोटात घर बसवलं आहे, हात फार चांगला. कपाटाचं दार बोटानं ढकललं तरी बिनआवाज मिटतं. टेबल खाली केलं की पलंग होतो. छताला काच आहे, पडल्या पडल्या आभाळ दिसतं. पोरं खाली उतरायला तयार नव्हती, ठकीचाही जीव तिच्यावरच जडला आहे. झोपायला पाच जण मावतात, पण चालत्या गाडीत बसायला पट्ट्याच्या जागा चारच. आणि पट्ट्याशिवाय मी कुणाला बसू देणार नाही. आगारात असताना ठोकून आणलेल्या गाड्या पुष्कळ पाहिल्या आहेत.

तिसरी दिसायला अगदीच म्हातारी. पडदे शेवाळी रंगाचे, दाराला पोचा. मी पोतं अंथरून अर्धा तास तिच्याखाली पडलो. गंज आहे, पण वरवरचा, पत्रा ठणठणीत. मागच्या कोपऱ्यात ओल मुरते म्हणून सगळी भिंत अंगठ्यानं दाबत गेलो, कुठं दबली नाही. इंजिन पहिल्या झटक्याला सुरू झालं. आणि पट्ट्याच्या जागा पाच. पाचवीवर मी स्वतः बसून पाहिलं. पाय लांब करता येतात, उठताना धरायला दांडा आहे. नात म्हणाली, काकाआजोबांना ही सीट शोभते.

मी ठकीला बजावलं आहे, घ्यायची तर तिसरीच. ती म्हणते आम्ही चौघं, पाचवी जागा कशाला? मी म्हटलं, असू दे, लागते. कशाला लागते ते सध्या विचारू नका. तुम्हीसुद्धा.

गुडघा शेकायचा आळस करू नये. रागावलात तरी लिहीत राहावं, एवढं मागणं.

आपला,
धाकटा


मंगळवार, ११ फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

तुझ्या काकानं गाड्यांची हकीकत कळवली. तू कळवली नाहीस, त्याचं काही नाही, तुला कामं असतात. पण तुझं कॉलेज, पहिली नोकरी, जावईबापू, तुमचं घर, दर वेळी तू माझा लाल शाईतला शेरा मागून घेतलास आणि मगच पाऊल उचललंस. या वेळी मागितला नाहीस, तरी देतो आहे. खाली आहे. आधी कारणं वाच.

चार माणसांच्या संसाराला चार जागा पुऱ्या. पाचवी रिकामी राहिली की तिच्यावर कुणीतरी येऊन बसतंच आणि मग हळूहळू गाडी त्याची होते. आज तो टायर तपासेल, उद्या मुक्काम कुठं करायचा ते ठरवेल, परवा शेकोटीशी बसून पोरांना गिअरबॉक्सच्या गोष्टी सांगेल. तुझा काका मनानं सोनं आहे, पण घोरतो. पत्र्याच्या डब्यात ते घोरणं कसं घुमेल, याचा विचार तूच कर.

शिवाय ती छताची काच. लहानपणी तू तंबूचं दार उघडं टाकून झोपायचीस, डोकं बाहेर, धड आत. तुझी आई पांघरूण ओढून ओढून थकायची. ती काच तुझ्याचसाठी बसवली आहे असं समज.

माझा विचार करू नकोस. मी घरी मजेत आहे.

शेरा: दोन नंबरची गाडी घ्यावी. पाचव्या जागेची आवश्यकता नाही.

पोरांना पापे. तुझ्यावर कायमचा लोभ असणारा,
बाबा


रविवार, १६ फेब्रुवारी

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

काल ठकीकडे गेलो होतो. तुमचा शेरा फ्रिजच्या दारावर चिकटवलेला पाहिला. माझ्या घोरण्याचा भाग तिनं लाजत लाजत दाखवला, जावईबापूंनी मात्र मोठ्यानं वाचला. असो.

दादा, तुम्ही हे काय करून बसलात? पाचवी जागा तुमच्यासाठी होती. माझी कंबर घरची गादी सोडून कुठंही पाठ टेकू देत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्या सीटवर बसलो ते तुमचा गुडघा तिथं मावेल का ते पाहायला. आपली दोघांची उंची सारखी, म्हणून माझ्या पायांनी तुमचं माप घेतलं. दांड्याखाली एक जास्तीची पायरी जोडायचं ठरवलं होतं, तिचा पत्रासुद्धा कापून ठेवला आहे.

ठकीला कारण सांगितलं नाही, कारण मागे एकदा तुमच्या वतीनं बोललो तर तुम्ही महिनाभर अबोला धरलात. ती बिचारी तुमचं ‘मजेत आहे’ अक्षरशः खरं मानते.

आता एकदा लिहितोच. तुम्हाला वाटतं, मी तुमची जागा घेतली. मला गाडीखाली शिरायला बोलावतात, दादा. मी दोन आठवडे कानीकपाळी ओरडलो, तरी पोरगी ऐकेना. तुमच्या दोन ओळी आल्या आणि तासाभरात निर्णय झाला. मला काय वाटलं असेल? वहिनी होत्या तेव्हापासून हे असंच चाललं आहे. तुमच्या कविता लोकांच्या तोंडात बसतात, मी बसवलेली क्लचप्लेट कुणाला आठवत नाही.

शनिवारी सकाळी दोन नंबरच्या गाडीच्या कागदांवर सह्या आहेत. यायचं असेल तर तुम्हीच लिहा. मी तोंड उघडणार नाही.

रागातही ज्याची माया आटत नाही असा,
धाकटा


गुरुवार, २० फेब्रुवारी

चि. सौ. ठकीस,
अ. उ. आ.

दोन दिवस हे पत्र लिहितो आहे. चार कागद फाडले. त्यांतून फार सुंदर वाक्यं होती, पण मुद्दा एकातही नव्हता.

मुद्दा असा. मला यायचं आहे.

तीन वर्षं तुम्ही निघालात की मी घड्याळ पाहत बसतो. आता पोचले असतील, आता पाणी आणायला गेले असतील, आता कुणीतरी खुंटी चुकीच्या बाजूला ठोकली असेल. मजेत नसतो. लंगडत येऊन तुमचा प्रवास बिघडवू नये म्हणून नाही म्हणायचो, आणि तुम्ही पुन्हा एकदा विचारावं म्हणून वाट पाहायचो.

काकाचं मी जे लिहिलं ते मत्सरानं लिहिलं. ती जागा तो पटकावणार असं मला वाटलं, आणि त्याला मिळू नये म्हणून मी ती मोडून टाकली. ती माझीच होती, हे त्यानं मला परवा सांगितलं. तो घोरतो हे खरं आहे, पण बाकीचं मागे घेतो.

हे वेळेत पोचेल की नाही, कळत नाही. न पोचलं तरी वाच.

तुझा,
बाबा


रविवार, २३ फेब्रुवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल दुपारी आलं. सह्या सकाळीच झाल्या होत्या. गाडी दारात उभी आहे, चार जागांची. मी पत्र पायऱ्यांवर उभ्यानंच वाचलं, मग गाडीत जाऊन दार लावून पुन्हा वाचलं.

मला तुमचा राग आला आहे, तो आधी लिहून टाकते. तुम्ही मला आयुष्यभर शब्दाला शब्द नीट वाचायला शिकवलंत, आणि स्वतः एक लिहून दुसरं वाचलं जाईल अशी अपेक्षा धरलीत. मी तुम्हाला पुन्हा पुन्हा कसं विचारणार होते? तुम्हाला त्रास होईल असंच वाटायचं. पुढच्या वेळी मुद्दा पहिल्या ओळीत हवा.

आता ऐका. गाडी परत होणार नाही. पण काकांनी काल संध्याकाळी ती जास्तीची पायरी आणून आमच्या गाडीच्या दाराला बसवली, तेव्हा चढताना अडचण नाही. झोपायला पाच जण मावतातच. प्रश्न फक्त रस्त्यातल्या पट्ट्याचा. त्यावर ह्यांनी तोडगा काढला: काका आपली छोटी गाडी घेऊन मागून येतील, एक पोर त्यांच्याबरोबर बसेल, आणि त्याची खिडकीजवळची जागा तुम्हाला. काका जवळच्या लॉजमध्ये झोपतील, त्यांची गादी ते बरोबर नेणार आहेत. त्यांच्या गाडीत कुणी बसायचं यावरून पोरांची मारामारी झाली. थोरल्याचा शर्ट फाटला, धाकटी जिंकली.

सात मार्चला सकाळी आम्ही तुम्हाला न्यायला येतो. आपला तळ्यावरचा माळ तुमच्या घरापासून चार तासांवर आहे. तयार राहा, आणि नाही म्हणू नका.

रागावलेली आणि तरी तुमचीच,
ठकी


गुरुवार, २७ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

ठकीचं पत्र मिळालं. तू पायरी बसवलीस, गाडी घेऊन येतो आहेस, माझ्यापायी गादी वाहून नेणार आहेस. मी तुझ्याशी जे वागलो त्यावर तू हे केलंस. क्षमा माग असं मी स्वतःला चार वेळा सांगितलं, ती इथे मागतो. बिनकवितेची, सरळ. क्लचप्लेटचं मला आठवतं बरं का. तुझ्या वहिनीला दवाखान्यात नेताना तूच ती रस्त्यात उतरून बसवली होतीस.

पत्र वाचून मी इतका खूश झालो की कपाटातून स्वेटर काढून उन्हात टाकला. जागा मिळाली, तीही खिडकीजवळची. संध्याकाळपर्यंत मी जमिनीवर नव्हतो.

मग स्वेटरची घडी घालताना ध्यानात आलं. चार तासांचा रस्ता. मी पुढच्या गाडीत पट्टा बांधून बसणार, आणि नात मागे तुझ्या शेजारी. मान वळवली तर मागच्या काचेतून तुम्ही दोघं दिसाल. ती हसते आहे हे दिसेल, कशाला हसते आहे ते कळणार नाही.

मी सुधारलो आहे अशी समजूत करून घेऊ नकोस. चार तास तुम्ही दोघं काय काय बोलणार आहात, ते उलट टपालानं, मुद्देसूद, मला आधी कळव.

तुझ्यावर जळणारा आणि तुझ्यावाचून न चालणारा,
दादा